सॉफ्टवेअर रेड काढल्यावर सर्व्हर बूट होत नाही, एकदा उठवला तरी परत तेच: नक्की कुठून कुठून काढायचं राहतं

लिनक्स सर्व्हर, रेड वन (एकच डेटा दोन डिस्कवर ठेवायची सोय; अशा जोडलेल्या डिस्कचा संच म्हणजे अ‍ॅरे), दोन डिस्क. आता रेड नकोय किंवा एक डिस्क दुसरीकडे लावायचीय, म्हणून रेस्क्यू सिस्टीममधून अ‍ॅरे स्टॉप केला, एमडीअ‍ॅडम (लिनक्समधलं रेड सांभाळायचं टूल) वापरून सुपरब्लॉक (डिस्क कुठल्या अ‍ॅरेची ते सांगणारी नोंद) झिरो केला, एररबिरर काही आली नाही, डेटा तर दोन्ही डिस्कवर सारखाच आहे मग अडचण काय येणार म्हणून रीबूट मारला. आणि समोर ग्रब रेस्क्यू (ग्रब म्हणजे कर्नल उचलणारा बूटलोडर), नाहीतर इनिटरामएफएसचा (खरी सिस्टीम माउंट होण्याआधी मेमरीत चालणारी छोटी सिस्टीम) प्रॉम्प्ट, नाहीतर इमर्जन्सी मोड. याचाच दुसरा प्रकार जास्त छळतो: कसंबसं उठवलं, बरेच दिवस सगळं मस्त चाललं, मग कर्नल अपडेट आला, रीबूट झाला आणि परत तोच प्रॉम्प्ट.

दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. डिस्कवरचा सुपरब्लॉक गेला म्हणजे रेड गेला असं नसतं. त्या अ‍ॅरेची नोंद ग्रबच्या कोअर इमेजमध्ये असते, कर्नलच्या कमांड लाइनमध्ये असू शकते, इनिटरामएफएसच्या आत कॉपी झालेल्या कॉन्फ फाइलमध्ये असते, एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) असते, स्वॅपवरून रिझ्यूम करायच्या सेटिंगमध्ये असते, एलव्हीएम (डिस्कवर लवचिक व्हॉल्यूम बनवायची सोय) असेल तर त्याच्या डिव्हाइस लिस्टमध्येही असू शकते. घर बदललं पण पत्ता कोणालाच कळवला नाही, तसला प्रकार. बूट जिथे थांबतं तिथला माणूस अजून जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतोय. त्यामुळे स्क्रीनवर नक्की काय आलंय ते वाचा, अर्धं निदान तिथेच होतं.

आधी काय करायचं नाही ते सांगतो. एफएसचेक (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. माउंट होत नाहीये, बॅड सुपरब्लॉक (हा फाइलसिस्टीमचा, रेडचा नव्हे) म्हणतंय, म्हणून लोक लगेच एफएसचेकला सगळ्याला हो म्हणायचा ऑप्शन देऊन सोडतात, आणि फाइलसिस्टीम धडधाकट असून फक्त चुकीच्या जागेवरून वाचली जात असेल तर तो रिपेअरच तिची वाट लावतो. घाईघाईत नवीन अ‍ॅरे पण क्रिएट करू नका, का ते खाली येतंच आहे. लाइव्ह किंवा रेस्क्यू सिस्टीमवर बूट करा आणि आधी फक्त वाचा: एलएसबीएलकेला एफएस ऑप्शन देऊन त्याचं आउटपुट, बीएलकेआयडीचं आउटपुट, प्रत्येक पार्टिशनवर एमडीअ‍ॅडमचं एक्झामिन, एसएफडिस्कचा डंप, आणि वाइपएफएस कुठलाही ऑप्शन न देता (तसं चालवलं की ते फक्त सह्या दाखवतं, पुसत नाही). हे सगळं त्या सर्व्हरच्या बाहेर कुठेतरी सेव्ह करा. कमांड पूर्ण अक्षरन् अक्षर इथे मुद्दाम देत नाहीये, ऑप्शनची नावं सांगतोय, कारण डिव्हाइसची नावं प्रत्येकाची वेगळी आणि या कामात कॉपी पेस्टने झालेलं नुकसान परत येत नाही. मॅन पेज शेजारी उघडं ठेवा.

एक्झामिनमध्ये चार ओळी कामाच्या. व्हर्जन, डेटा ऑफसेट, इव्हेंट्स आणि अपडेट टाइम. इव्हेंट्स आणि अपडेट टाइमवरून कळतं कुठला अर्धा भाग ताजा आहे आणि कुठला शिळा. व्हर्जन आणि डेटा ऑफसेटवर तर सगळा खेळ आहे.

व्हर्जन १.२ असेल तर इथे थांबून वाचा

एमडीचा (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडचा) मेटाडेटा चार प्रकारे ठेवलेला असतो. ०.९० आणि १.० हे डिव्हाइसच्या शेवटाला बसतात. १.१ अगदी सुरुवातीला, आणि १.२ सुरुवातीपासून ४ केबी आत. आजकाल काही न सांगता अ‍ॅरे बनवला तर १.२ मिळतो. आता फरक बघा. रेड वन असेल आणि मेटाडेटा शेवटाला असेल तर फाइलसिस्टीम पार्टिशनच्या पहिल्या बाइटपासून सुरू होते, म्हणजे सुपरब्लॉक उडवला की पार्टिशन साध्या पार्टिशनसारखं सरळ माउंट होतं. नेटवर जे लोक म्हणतात की अरे सोपं आहे, सुपरब्लॉक झिरो कर आणि माउंट कर, ते बहुतेक या जुन्या फॉरमॅटबद्दल बोलत असतात. १.२ मध्ये डेटा पार्टिशनच्या सुरुवातीला नसतोच, तो डेटा ऑफसेटएवढा पुढे सरकलेला असतो. मोठ्या डिस्कवर हा ऑफसेट बऱ्याचदा २६२१४४ सेक्टर दिसतो, म्हणजे १२८ एमबी. जुन्या एमडीअ‍ॅडमने बनवलेल्या अ‍ॅरेवर २०४८ सेक्टर, म्हणजे १ एमबी, पण दिसतो. सुपरब्लॉक पुसला की कर्नलला पार्टिशनच्या तोंडाशी काहीच ओळखीचं सापडत नाही, बीएलकेआयडी रिकामं येतं, माउंट राँग एफएस टाइप म्हणतं, आणि माणसाला वाटतं डेटा गेला.

गेलेला नसतो. झिरो सुपरब्लॉक फक्त सुपरब्लॉक पुसतं, डेटाला हात लावत नाही.

खात्री करायचा सगळ्यात निरुपद्रवी मार्ग म्हणजे लूप डिव्हाइस, म्हणजे पार्टिशनचा मधला भाग वेगळ्या डिस्कसारखा दाखवायचा. लो-सेटअपला रीड ओन्ली आणि ऑफसेट द्या. ऑफसेट तिथे बाइटमध्ये लागतो, म्हणून सेक्टरला ५१२ ने गुणा: २६२१४४ गुणिले ५१२ म्हणजे १३४२१७७२८. मग त्या लूपवर बीएलकेआयडी चालवा. फाइलसिस्टीमचा टाइप आणि यूयूआयडी (तिची ओळख असलेला लांब नंबर) दिसला, आणि तो एफएसटॅबमधल्या यूयूआयडीशी जुळला, की सुटलात, ऑफसेट बरोबर आहे. माउंट करून बघायचं तर रीड ओन्ली करा, आणि ईएक्सटी४ असेल तर नोलोड, एक्सएफएस असेल तर नोरिकव्हरी पण द्या, कारण नुसत्या रीड ओन्ली माउंटमध्येही जर्नल रिप्ले होऊ शकतं आणि ते लिहितंच. लूपच रीड ओन्ली असेल तर लिहिणं अडेल हे खरं, पण मग माउंट एरर देईल आणि तुम्ही उगाच घाबराल.

आता एक्झामिनचं आउटपुट आधी घेतलंच नव्हतं आणि सुपरब्लॉक पुसला गेलाय असं असेल तर? पहिली आशा दुसरी डिस्क. तिचा सुपरब्लॉक शाबूत असेल तर तिचा ऑफसेट वाचा. अ‍ॅरे बनवतानाच दोन्ही एकत्र घातल्या असतील तर सहसा तोच असतो, पण मधे कधी डिस्क बदलून नंतर अ‍ॅड केली असेल तर वेगळा निघू शकतो, म्हणून लूप लावून तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. दोन्ही पुसल्या असतील तर शोधायचं. एक्सएफएस सोपी, तिच्या पहिल्याच चार बाइटमध्ये एक्स, एफ, एस, बी ही अक्षरं असतात. एलव्हीएमच्या फिजिकल व्हॉल्यूमवर दुसऱ्या सेक्टरमध्ये लेबलवन असं लिहिलेलं असतं. ईएक्सटी४ ला मॅजिक नंबर फाइलसिस्टीमच्या सुरुवातीपासून १०८० व्या बाइटवर असतो, पण तो दोनच बाइटचा असल्याने खोट्या जुळण्या खूप सापडतात, त्यापेक्षा २०४८ आणि २६२१४४ हे नेहमीचे आकडे आधी लूपवर लावून बघणं जलद. टेस्टडिस्क पण चांगलं शोधतं.

ऑफसेट पक्का झाल्यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे अ‍ॅरे परत बनवणं, लेव्हल वन, एक डिस्क आणि दुसऱ्या जागी मिसिंग, मेटाडेटा १.२, अझ्यूम क्लीन, आणि डेटा ऑफसेट स्वतः द्यायचा. तो दिला नाही तर एमडीअ‍ॅडम आपल्या व्हर्जनचा डिफॉल्ट घेतं आणि जुन्या अ‍ॅरेचा तोच असेल याची काही खात्री नाही. अजून एक खोड: एक्झामिन ऑफसेट सेक्टरमध्ये सांगतं आणि क्रिएटचा डेटा ऑफसेट ऑप्शन सफिक्स न दिल्यास किलोबाइट समजतो. म्हणजे २६२१४४ जसाच्या तसा टाकला तर दुप्पट पुढे जाल. १२८ पुढे एम लावून द्या, गोंधळच नको.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण रेड काढायचाच होता ना. पार्टिशनची सुरुवातच ऑफसेटएवढी पुढे सरकवायची. एसएफडिस्कच्या डंप फाइलची एक कॉपी करा, त्यात त्या पार्टिशनचा स्टार्ट वाढवा आणि साइझ तेवढाच कमी करा, बाकी ओळीला हात लावू नका. समजा स्टार्ट १०५०६२४ आहे आणि ऑफसेट २६२१४४, तर नवीन स्टार्ट १३१२७६८. डेटा जागचा हलत नाही, फक्त टेबलमधला आकडा बदलतो, त्यामुळे एका सेकंदाचं काम आहे आणि चुकलं तर मूळ डंप परत लोड केला की पूर्ववत. डंपमध्ये पार्टिशनचा यूयूआयडी पण असतो त्यामुळे तोही तोच राहतो. यानंतर बीएलकेआयडीला फाइलसिस्टीम थेट पार्टिशनवर दिसायला लागते. मग, आणि मगच, एफएसचेक डिस्कवर काही न लिहिण्याच्या ऑप्शनने चालवून बघा. तो स्वच्छ आला की डेटाचा विषय संपला, आता उरलं नुसतं बूट.

बूट कुठे थांबलंय

ग्रब रेस्क्यू आलं असेल तर वरती बहुतेक एमडी यूयूआयडी आणि लांबलचक नंबर देऊन डिस्क नॉट फाउंड लिहिलेलं दिसेल. कोअर इमेज बनवताना ग्रबने स्वतःच्या फोल्डरचा पत्ता अ‍ॅरेच्या यूयूआयडीने लिहून ठेवला होता, तो अ‍ॅरे आता नाही. या प्रॉम्प्टवर कमांड चारच असतात, एलएस, सेट, अनसेट आणि इनस्मॉड, पण तेवढ्या पुरतात. एलएस दिलं की एचडी०, त्यातलं जीपीटी१, जीपीटी२ अशी यादी येते. एकेक कंसात घालून शेवटी स्लॅश देऊन एलएस करा, जिथे बूट किंवा ग्रब फोल्डर दिसेल ते तुमचं. सगळीकडेच अननोन फाइलसिस्टीम येत असेल तर वरचा ऑफसेटचा प्रकार अजून सुटलेला नाही, मागे जा. फोल्डर सापडलं की प्रीफिक्सला तो पूर्ण पत्ता सेट करा, रूटला ते पार्टिशन सेट करा, इनस्मॉड नॉर्मल, मग नॉर्मल. रेड हॅटच्या घराण्यात फोल्डरचं नाव ग्रब२ असतं, आणि बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर पत्त्यात सुरुवातीचं बूट येत नाही, या दोन बारीक गोष्टींवर लोक अडकतात. मेनू आला की हुश्श, पण हे फक्त याच बूटपुरतं आहे, डिस्कवर काही लिहिलेलं नाही.

मेनूमधून पुढे गेलं आणि कर्नलनंतर गेव्ह अप वेटिंग फॉर रूट असं येऊन बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट आला तर तो डेबियन, उबुंटूचा इनिटरामएफएस. इथे प्रोक खालची एमडीस्टॅट फाइल (चालू अ‍ॅरेंची यादी) आणि बीएलकेआयडी बघा. अ‍ॅरे दिसतोय पण इनअ‍ॅक्टिव्ह आहे, म्हणजे तुम्ही नुसती डिस्क उपटली आहे आणि अ‍ॅरे दुसऱ्या मेंबरची वाट बघत बसलाय. एमडीअ‍ॅडमला रन ऑप्शन देऊन तो अ‍ॅरे चालू करा, एक्झिट मारा, बूट पुढे जातं. अ‍ॅरे नाहीच आणि बीएलकेआयडी पार्टिशनला लिनक्स रेड मेंबर म्हणतंय, तर सुपरब्लॉक अजून तिथेच आहे, आणि तो आहे तोवर आतल्या फाइलसिस्टीमचा यूयूआयडी कोणाला दिसतच नाही, मग रूटला यूयूआयडी बरोबर लिहिलेला असूनही डज नॉट एक्झिस्ट येतं. हे बघून लोक एफएसटॅब दहादा तपासतात, चूक तिथे नसतेच.

रेड हॅट, रॉकी, अल्मा वगैरेवर ड्रॅकट (तिथलं इनिटरामएफएस बनवणारं टूल) असतं आणि तिथे जवळजवळ नेहमीचा गुन्हेगार म्हणजे कर्नल लाइनमधला आरडी डॉट एमडी डॉट यूयूआयडी. तो नंबर दिला की ड्रॅकट त्या अ‍ॅरेची वाट बघत राहतं, मग इनिटक्यू टाइमआउटच्या ओळींची रांग आणि शेवटी इमर्जन्सी शेल. रूट फाइलसिस्टीम धडधडीत समोर असते तरी. ग्रबच्या मेनूत ई दाबा, लिनक्सच्या ओळीतून तो तुकडा काढा (स्वॅपचा वेगळा अ‍ॅरे असेल तर असे दोन असतील), कंट्रोल एक्स. उठेल.

आणि सगळं होऊन सिस्टमडी दीड मिनिट ए स्टार्ट जॉब इज रनिंग म्हणत मोजत बसलं आणि मग इमर्जन्सी मोड, तर एफएसटॅबमध्ये कुठेतरी एमडी१ वगैरे राहिलंय. बहुतेक वेळा स्वॅप नाहीतर डेटाचं पार्टिशन. रूट पासवर्ड, ओळ दुरुस्त, डेमन रीलोड, संपलं. यात काही विशेष नाही.

उठला, पण कुठल्या डिस्कवरून उठला

हा भाग लोक वगळतात आणि पुढे रडतात. समजा एका डिस्कवरचा सुपरब्लॉक काढला, दुसरीवरचा राहिला, आणि दुसरी डिस्क अजून मशीनमध्येच आहे. बूट होताना युडेव्हला (डिव्हाइस ओळखणारी सेवा) तो सुपरब्लॉक दिसतो, कॉन्फ फाइलमध्ये त्याचं नाव नसलं तरी तो अ‍ॅरे उभा करतो आणि त्याला एमडी१२७ असलं काहीतरी नाव मिळतं. त्याच्या आत काय? तुमच्याच फाइलसिस्टीमची जुळी, तोच यूयूआयडी. आता रूट यूयूआयडीने शोधलं जातंय आणि एकाच यूयूआयडीचे दोन दावेदार आहेत. ज्याचा नंबर आधी लागेल तो रूट. आज ताजी डिस्क, पुढच्या रीबूटला शिळी. मग काल टाकलेल्या फाइल गायब, डेटाबेस मागे गेलेला, आणि लॉगमध्ये कसलीच एरर नाही. बूट न होणं परवडलं, निदान कळतं तरी.

म्हणून उठल्या उठल्या फाइंडमाउंटने रूट कुठल्या डिव्हाइसवर आहे ते बघा आणि एमडीस्टॅट रिकामं आहे का ते बघा. एमडी१२७ दिसला आणि रूट त्याच्यावर नसेल तर तो स्टॉप करा आणि मग त्या मेंबरवरचा सुपरब्लॉक झिरो करा. रूट त्याच्यावरच असेल तर चालू सिस्टीममध्ये काही करू नका, रेस्क्यूतून करा. दुसऱ्या डिस्कवरच्या डेटाची गरज नसेल तर वाइपएफएसने सगळ्या सह्या पुसा, त्याला बॅकअप ऑप्शन आहे तो द्या, पुसलेले बाइट फाइलमध्ये राहतात. दुसरी डिस्क जशीच्या तशी ठेवायची असेल तर निदान यूयूआयडी बदला, ईएक्सटी४ ला ट्यून२एफएस आणि एक्सएफएसला एक्सएफएस-अ‍ॅडमिन. एलव्हीएममध्ये जुळे फिजिकल व्हॉल्यूम दिसले तर ते डुप्लिकेट म्हणून कटकट करतं आणि व्हॉल्यूम ग्रुप अ‍ॅक्टिव्ह करायला नकार पण देऊ शकतं, पण ते बरंच म्हणायचं, बीटीआरएफएस फाइलसिस्टीमसारखं गप्प बसून घोळ घालण्यापेक्षा.

परत परत का होतं

मेनूतून हाताने बदललेली ओळ पुढच्या बूटला राहत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी उठल्याच्या आनंदात पक्कं करायचं राहून जातं. सिस्टीम उठली असेल तर तिथूनच करा, नसेल तर रेस्क्यूमधून रूट माउंट करा, बूट आणि ईएफआय पार्टिशन जागच्या जागी माउंट करा, डेव्ह, प्रोक, सिस आणि रन बाइंड करा आणि सीएचरूट (म्हणजे डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत शिरा). डेव्ह बाइंड करायचं विसरलात तर ग्रब प्रोब डिव्हाइस सापडत नाही म्हणतं, त्याचा रेडशी संबंध नाही.

आत गेल्यावर क्रम महत्त्वाचा आहे. आधी एफएसटॅब यूयूआयडीवर आणा. मग एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फ फाइलमधली गेलेल्या अ‍ॅरेची अ‍ॅरे ओळ काढा. मग डेबियनवर इनिटरामएफएस-टूल्सच्या कॉन्फ-डी मधली रिझ्यूम फाइल बघा, जुन्या स्वॅपचा यूयूआयडी तिथे राहिला की दर बूटला उगाच थांबून राहतं. हे सगळं झाल्यावर इनिटरामएफएस परत बनवा, कारण कॉन्फ फाइलची कॉपी त्याच्या आत जाते आणि आधी बनवला तर जुनीच कॉपी जाईल. आणि फक्त चालू कर्नलचा नको, सगळ्या कर्नलचा बनवा, अपडेट इनिटरामएफएसला के ऑल द्या, ड्रॅकटला रीजनरेट ऑल द्या. नाहीतर ज्या दिवशी नवीन कर्नल बिघडेल आणि तुम्ही मेनूतून जुना निवडाल त्या दिवशी जुन्याच्या आत जुना अ‍ॅरे भेटेल.

रेड हॅटवाल्यांसाठी: ईटीसी डिफॉल्ट ग्रबमधून आरडी एमडी यूयूआयडी काढून ग्रब कॉन्फिग बनवली एवढ्याने व्हर्जन ८ पासून पुढे भागतंच असं नाही, कारण बूट एंट्री लोडर फोल्डरमध्ये वेगळ्या असतात. ग्रबीला (बूट एंट्री बदलणारी कमांड) सगळ्या कर्नलसाठी तो आर्ग्युमेंट काढायला सांगा आणि डिफॉल्ट ग्रबमधूनही काढा. ९ वर ईटीसी कर्नल खालची सीएमडीलाइन फाइल असेल तर तीही बघा. दोन्हीकडून काढला नाही तर नवीन कर्नल येताना तो तुकडा परत घेऊन येतो, आणि हीच ती अपडेटनंतर परत मेलेली केस. ९ वरच एलव्हीएम असेल तर अजून एक: एलव्हीएमची सिस्टम डॉट डिव्हाइसेस नावाची यादी असते, त्यात फिजिकल व्हॉल्यूम एमडीच्या यूयूआयडीने नोंदलेला असतो, साध्या पार्टिशनला ते आपलं मानत नाही. एलव्हीएमडिव्हाइसेसने नवीन पार्टिशन अ‍ॅड करा आणि त्यानंतर ड्रॅकट.

शेवटी ग्रब. बायोस मशीनवर ग्रब इन्स्टॉल ज्या डिस्कवरून बूट होणार त्या पूर्ण डिस्कवर, पार्टिशनवर नाही, आणि नंतर कॉन्फिग बनवा. डेबियन, उबुंटूवर इथेच न थांबता ग्रब-पीसी पॅकेज डीपीकेजी रीकॉन्फिगरने परत कॉन्फिगर करा. ते पॅकेज ग्रब कुठल्या डिस्कवर टाकायचा हे स्वतःच्या आठवणीत ठेवतं, आणि तिथे जुनी, काढून टाकलेली किंवा शेजारची डिस्क राहिली तर पुढच्या अपडेटला नवीन मॉड्यूल फोल्डरमध्ये येतात आणि बूट डिस्कवरची कोअर इमेज जुनीच राहते. दोघांचं जमत नाही आणि सिंबॉल नॉट फाउंड येऊन परत रेस्क्यू. २०२० च्या जुलैमध्ये बूटहोल या ग्रबमधल्या त्रुटीचा सिक्युरिटी अपडेट आला तेव्हा ग्रब कॅलॉक सिंबॉल सापडत नाही म्हणून कितीतरी मशीन अशाच पडल्या होत्या, त्यात डिस्क बदललेल्या मशीन भरपूर.

यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवीन फर्मवेअर) असेल तर कथा थोडी वेगळी. रेस्क्यू पण यूईएफआय मोडमध्येच बूट केलेला हवा, नाहीतर बूट एंट्री लिहिताच येत नाहीत. काही जण ईएफआय पार्टिशन पण रेड वनवर ठेवतात, मेटाडेटा १.० ने, म्हणजे फर्मवेअरला ते साधं एफएटी दिसतं. तो रेड मोडला की एकाच व्हॉल्यूम आयडीची दोन ईएफआय पार्टिशन उरतात, एफएसटॅब एक माउंट करतं, फर्मवेअर दुसऱ्यावरून बूट करतं, आणि तुम्ही केलेला बदल कधी लागूच होत नाही. एकाचा व्हॉल्यूम आयडी बदला किंवा ते पुसा, मग ईएफआय बूट मॅनेजर व्हर्बोज चालवून एंट्री कुठल्या पार्टिशनच्या जीयूआयडीकडे बोट दाखवतेय ते जुळवून घ्या. रेड हॅटवर यूईएफआयमध्ये ग्रब२ इन्स्टॉल चालवू नका, शिम आणि ग्रब ईएफआयची पॅकेजं रीइन्स्टॉल करा, नाहीतर सिक्युअर बूट अडवतं.

आता माझं मत विचाराल तर, अजून रेड काढला नसेल आणि फक्त एक डिस्क मोकळी करायची असेल तर काढूच नका. ती डिस्क फेल करा, रिमूव्ह करा, तिचा सुपरब्लॉक झिरो करा आणि अ‍ॅरेला ग्रो करून रेड डिव्हाइसेस एक, फोर्ससकट. एका डिस्कचा रेड वन चालतो, डिग्रेडेडची बोंब पण मारत नाही, वरच्या यादीतलं जवळजवळ काहीच बदलावं लागत नाही (ग्रब त्या उरलेल्या डिस्कवर आहे ना एवढं मात्र बघा, पुष्कळदा तो पहिल्या डिस्कवरच टाकलेला असतो आणि नेमकी तीच काढली जाते), आणि उद्या परत दुसरी डिस्क हवीशी वाटली तर अ‍ॅड करून दोन करा. हे रेड वनबद्दल. रेड ५ किंवा रेड ० मध्ये एका डिस्कवर पूर्ण डेटा नसतोच, तिथे काढणं म्हणजे बॅकअप घेऊन नव्याने बसवणं, आणि सुपरब्लॉक उडाले असतील तर डिस्कचा क्रम, चंक साइझ, ऑफसेट सगळं जुळवावं लागतं, ते डिस्कच्या कॉप्या काढल्याशिवाय सुरूच करू नका.

सगळं झाल्यावर तपासणी अशी करा: एकदा साधा रीबूट, एकदा मेनूतून जुना कर्नल निवडून, आणि एकदा दुसरी डिस्क केबल काढून किंवा व्हर्च्युअल असेल तर डिटॅच करून पूर्ण पॉवर ऑफमधून. तिन्ही वेळा फाइंडमाउंट आणि एमडीस्टॅट बघा. तिसऱ्यात अडकलं तर ग्रब अजून त्या दुसऱ्या डिस्कवरूनच येतोय, उरलेल्या डिस्कवर परत इन्स्टॉल करा.